मझाऱ्याचा कसबा

‘मझारा देल वाल्लो’ या नावातला ‘वाल’ ऐकून मी दरी शोधत होते. पालेर्मोहून बसनं दोन तासांच्या आसपास लागतात. दरी तर सोडाच, गाव आलं तरी धड टेकडी दिसेना. सपाट किनारा, मध्ये एक छोटी नदी, आणि नदीच्या मुखाशी बंदर. मग कळलं, इथला ‘वाल’ म्हणजे दरी नव्हे, प्रांत. अरबी अमलाच्या काळापासून सिसिली बेटाचे तीन भाग मानले जायचे: वाल दी मझारा, वाल दी नोतो आणि वाल देमोने. ही वाटणी पार एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. म्हणजे आज आपण ज्याला मासेमारीचं एक लहान शहर म्हणतो, त्याच्या नावानं एकेकाळी अर्ध्या सिसिलीचा कारभार ओळखला जायचा.

नकाशा उघडून बसलं की या गावाचं अर्धं कोडं सुटतं. मझाऱ्याहून रोम सरळ रेषेत पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. ट्युनिशियाचा किनारा मात्र दीडशे. राजधानीपेक्षा आफ्रिका तिपटीनं जवळ! आपण सीमेवरची माणसं. राजधानी लांब आणि शेजारी जवळ म्हणजे काय असतं हे बेळगावकराला वेगळं सांगायला नको.

मी पालेर्मोला एका कामासाठी गेले होते आणि शेवटचे तीन दिवस मोकळे होते. प्रवासाच्या सगळ्या पुस्तिकांतून एकच सांगितलं होतं: मझाऱ्याला जा, तिथं अरबी वस्ती आहे, तिला ‘काझबा’ म्हणतात. हा शब्द वाचूनच मी हसले होते. आपला ‘कसबा’ तो हाच. पुण्यात कसबा पेठ आहे, कोल्हापूरला कसबा बावडा आहे. अरबीतला मूळ शब्द एकच. तो फारसीच्या वाटेनं आपल्याकडं आला आणि परगण्याच्या बाजारपेठेच्या गावाला चिकटला. उत्तर आफ्रिकेत तोच गढीला आणि गढीभोवतीच्या जुन्या वस्तीला चिकटला.

तर हा कसबा. बोळ इतके अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला पाठ लावायची. बोळ वळतो, परत वळतो आणि एखाद्या छोट्या चौकात जाऊन संपतो. पुढं वाट नाही. चौकाभोवती पाच-सहा घरांची दारं, वर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. पहिल्यांदा वाटतं आपण चुकलो. पण तसं नसतं, रचनाच तशी आहे. मोठा रस्ता सगळ्यांचा, बोळ आळीचा, चौक त्या चार घरांचा. ऊन आत येत नाही, समुद्रावरचा वारा थेट घुसत नाही आणि परका माणूस लगेच ओळखू येतो. भिंतींवर रंगीत फरशा बसवल्यात, जागोजागी मातीची रंगवलेली भांडी ठेवलीत. ही सजावट अलीकडची, नगरपालिकेची. काही पाट्या इटालियन आणि अरबी अशा दोन लिपींत. पाटीवरची लिपी आपल्याकडं किती नाजूक विषय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळं मी जरा थांबून बघितलं. कुणीही पाटीला काळं फासलेलं नव्हतं.

कसब्यातून पाच मिनिटं चाललं की गावाचं कॅथीड्रल लागतं. अकराव्या शतकाच्या शेवटी नॉर्मन राज्यकर्ता पहिला रॉजर यानं ते उभारलं आणि पुढं सतराव्या शतकात त्याची मोठी फेरबांधणी झाली. मुख्य दाराच्या वर दगडात कोरलेलं सोळाव्या शतकातलं एक शिल्प आहे. रॉजर घोड्यावर बसलाय आणि घोड्याच्या पायाखाली एक अरब पडलाय. मिस्साला येणारा प्रत्येक जण त्याखालूनच आत जातो. मीही गेले. आत प्रार्थनेला बसले तरी डोक्यातून तो घोडा काही जाईना.

आता थोडा इतिहास सांगायला हवा, कारण त्याशिवाय पुढची माझी फजिती कळणार नाही.

इसवी सन ८२७ च्या जून महिन्यात अरबांचं आरमार इथं उतरलं. सिसिली तेव्हा बायझंटाइन साम्राज्याची होती. युफेमियस नावाच्या त्यांच्याच एका आरमारी सरदारानं बंड केलं होतं, आणि त्यानंच कैरवानच्या अमिराकडं मदत मागितली. मोहिमेचा प्रमुख म्हणून अमिरानं कुणाला नेमलं? असद इब्न अल-फुरात याला. हा सेनापती नव्हे, काझी. मोठा धर्मशास्त्री, आणि वय सत्तरीच्या घरात. पुढच्याच वर्षी सिराक्यूजच्या वेढ्यात, छावणीत साथ पसरली तेव्हा तो वारला. पण मोहीम थांबली नाही. ८३१ मध्ये पालेर्मो पडलं, ८७८ मध्ये सिराक्यूज, ९०२ मध्ये तावरमीना. पाऊणशे वर्षं लागली बेट घ्यायला.

त्या अमलात शेती बदलली. पाण्याचे हौद, पाट, लिंबं, कडू नारिंगं, ऊस, कापूस हे सगळं आलं. सिसिलियन बोलीत हौदाला आजही ‘जेब्बिया’ म्हणतात, संत्र्या-लिंबाच्या मोहराला ‘झागरा’ आणि तिळाला ‘जुज्जुलेना’. तिन्ही शब्द अरबी. इटालियनमधलं संत्रं म्हणजे ‘अरांचा’. हा शब्द तर आपल्याकडूनच निघालेला: संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज आणि मग अरांचा. कालतानिस्सेत्ता, कालताजिरोने अशा गावांच्या नावांतला ‘कालता’ म्हणजे अरबी ‘कलअत’. आपला ‘किल्ला’ही त्याच शब्दाचा. शेजारचं मार्साला, तिथला ‘मार्सा’ म्हणजे बंदर. जवळच्या फाविन्याना बेटावर ट्युना मासे जाळ्यांच्या खोल्यांत कोंडून पकडायची जुनी पद्धत होती; त्या ताफ्याच्या म्होरक्याला ‘राईस’ म्हणायचे. आपल्याकडं रईस म्हणजे पैसेवाला, तिकडं रईस म्हणजे आपला तांडेल. शब्द एकाच घरातून निघाले आणि वेगवेगळ्या बंदरांत नोकरीला लागले.

ही सगळी टिपणं वहीत करून मी खूश होते. मनात चित्र पक्कं झालं होतं: हजार-बाराशे वर्षांपूर्वी आलेले अरब, त्यांचे वंशज अजून त्याच बोळांत राहतात, अजून मासे मारतात. वाचकांना सांगायला किती छान गोष्ट!

मी उतरले होते त्या घरगुती लॉजवर एक विशीतला मुलगा काम करायचा. त्याला इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी देताना मी त्याला विचारलं, “तुमचं घराणं म्हणजे ८२७ पासूनचं?”

तो आधी गोंधळला, मग मोठ्यानं हसला. “सिन्योरा, माझे आजोबा सत्तर साली आले. महदियाहून. ट्रॉलरवर कामाला.”

वहीतलं ते पान मी फाडलं नाही, पण फाडायच्या लायकीचं होतं. कारण खरा इतिहास अगदी उलटा निघाला.

नॉर्मनांनी १०७२ पर्यंत मझारा घेतलं. पण पायाखाली अरब तुडवणारा तो रॉजर काही सगळ्या अरबांना हाकलून बसला नाही. त्याच्या आणि त्याच्या मुलाच्या दरबारात अरब कारकून होते, अरब भूगोलतज्ज्ञ होते, सैन्यातही अरब होते. नदीकाठावर सान निकोलो रेगालेचं छोटं चर्च आहे, नॉर्मनांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. बघाल तर चौकोनी ठोकळ्यावर घुमट, कमानी एकीत एक बसवलेल्या. क्रूस नसता तर दर्गाच वाटला असता. बांधून घेणारे ख्रिस्ती, पण शैली अरबी वळणाची. दारावरचं ते घोड्याचं शिल्प पाचशे वर्षांनंतर कोरलं गेलं. तोवर तुडवायला इथं अरब उरलाच नव्हता.

तो कसा उरला नाही? तेराव्या शतकात, बंडांनंतर, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं सिसिलीतल्या मुसलमानांना समुद्रापलीकडं, इटलीच्या मुख्य भूमीवरच्या लुचेरा गावी नेऊन वसवलं. वसवलं हा सभ्य शब्द झाला. बाया-पोरांसकट हजारो माणसं उचलून नेली. १३०० मध्ये लुचेराही उद्ध्वस्त झालं आणि तिथल्या बहुतेकांना गुलाम म्हणून विकलं. इथं मागं राहिले ते बोळ, हौद आणि शब्द. साडेसहाशे वर्षं मझाऱ्याच्या कसब्यात सिसिलियन ख्रिस्ती कोळी आणि कारागीर राहत होते.

मग विसाव्या शतकात दोन गोष्टी एकदमच घडल्या. पहिली भूकंप. १९६८ च्या जानेवारीत जवळच्या बेलिचे खोऱ्यात मोठा भूकंप झाला. १९८१ मध्ये मझाऱ्यालाच धक्का बसला. जुन्या वस्तीतली घरं धोक्याची ठरली. लोक गावाबाहेरच्या नव्या इमारतींत गेले आणि कसबा ओस पडला. दुसरी गोष्ट बंदरावरची. मझाऱ्याचा ट्रॉलरचा ताफा इटलीतल्या सगळ्यात मोठ्या ताफ्यांपैकी एक झाला होता. बोटी वाढल्या, पण खलाशी मिळेनात. इथली तरुण मुलं उत्तर इटलीतल्या आणि जर्मनीतल्या कारखान्यांत जायला लागली होती. तेव्हा समुद्रापलीकडून, महदिया आणि आसपासच्या गावांतून, ट्युनिशियन कोळी यायला लागले. पगार कमी, राहायला स्वस्त जागा हवी. ओस पडलेली घरं कोण घेणार? त्यांनीच घेतली.

म्हणजे घरं अरबी धाटणीची आणि माणसंही अरब, पण दोघांची गाठ सातशे वर्षांच्या खंडानंतर पडली, आणि तीही भूकंप आणि मजुरीमुळं. योगायोग असा की याच महदियाच्या सुलतानाचं आरमार १०७५ मध्ये मझाऱ्यावर चालून आलं होतं, गढीला वेढा घातला होता आणि रॉजरनं ते परतवलं होतं. त्याच महदियाची माणसं नऊशे वर्षांनी मझाऱ्याच्या बोटी चालवायला आली.

ही मंडळी समुद्रावर नेमकं काय करतात ते मला त्या मुलानंच धक्क्यावर नेऊन सांगितलं. मझाऱ्याची प्रसिद्धी आहे लाल कोळंबीची. रंग शिजवल्यावर येणारा नव्हे. जिवंत असतानाच ती लालभडक असते. ही कोळंबी किनाऱ्याजवळ मिळत नाही. चारशे ते सातशे मीटर खोल अंधारात, समुद्राच्या तळाशी राहते. त्यामुळं ट्रॉलर लांब जातात, जाळं तळापर्यंत सोडून तासन्‌तास ओढतात. एक फेरी महिनाभराची, कधी त्याहून जास्त. पकडलेली कोळंबी बोटीवरच निवडून डब्यांत भरतात आणि तिथल्या तिथं गोठवतात. म्हणूनच ती हॉटेलांत कच्ची, नुसतं लिंबू आणि ऑलिव्ह तेल घालून खातात. मी एक खाल्ली. गोड लागते. एकीपुरतं धाडस पुरेसं होतं.

पण तळ असा वर्षानुवर्षं खरवडला की मासा कमी होणारच. जवळचा संपला, बोटी लांब जायला लागल्या. डिझेल महाग झालं. बोटी मोडीत काढायला युरोपीय संघानं पैसे दिले आणि अनेकांनी मोडीत काढल्याही. धक्क्यावर आता बऱ्याच जागा रिकाम्या दिसतात. आणि लांब जायचं म्हणजे लिबियासमोर. लिबियानं २००५ मध्ये आपल्या किनाऱ्यापासून ७४ सागरी मैलांपर्यंतचं पाणी मासेमारीसाठी आपलं असं जाहीर केलं. इटालियन कोळी म्हणतात, हे खुलं पाणी आहे. मधल्या मध्ये बोटी पकडल्या जातात.

१ सप्टेंबर २०२० च्या रात्री तसंच झालं. ‘अंतार्तिदे’ आणि ‘मेदिनेआ’ या मझाऱ्याच्या दोन बोटी लिबियाच्या पूर्व भागावर ताबा असलेल्या हफ्तारच्या सैन्यानं पकडल्या आणि माणसांना बेनगाझीत कोंडलं. अठरा जण होते: आठ इटालियन, सहा ट्युनिशियन, दोन इंडोनेशियन, दोन सेनेगली. मझाऱ्याची एखादी बोट म्हणजे काय हे या यादीवरूनच कळतं. इकडं त्यांच्या घरच्या माणसांनी रोमला जाऊन संसदेसमोर मुक्काम ठोकला. १७ डिसेंबरला इटलीचे पंतप्रधान स्वतः बेनगाझीला गेले तेव्हा सुटका झाली. १०८ दिवस! २० डिसेंबरला, नाताळाच्या पाच दिवस आधी, दोन्ही बोटी परत नदीत शिरल्या. तो मुलगा तेव्हा शाळेत होता. म्हणाला, “त्या दिवशी धक्क्यावर कोण कुणाचं ते कळत नव्हतं. सगळेच रडत होते.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

त्यानं खांदे उडवले. “दुसऱ्या दिवशी कळायला लागलं.”

हे तो रागानं बोलला नाही. त्याचा जन्म मझाऱ्याचा. इटलीच्या १९९२ च्या कायद्यानुसार परदेशी आई-बापाच्या पोटी तिथं जन्मलेल्या मुलाला अठरा वर्षं पुरी झाल्यावरच नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, आणि तोही जन्मापासून सलग तिथंच राहिल्याचं दाखवून. मधे दोन वर्षं तो महदियाला आजीकडं होता, म्हणून त्याचं अडलंय. सिसिलियन शिव्या तो अस्सल देतो (मला एक शिकवली, इथं छापता येणार नाही), पण पासपोर्ट ट्युनिशियाचा.

भाषेची गोष्ट मला जास्त लागली. कसब्यात ट्युनिशियाच्या सरकारनं चालवलेली प्राथमिक शाळा आहे. तिथं मुलांना अरबी आणि फ्रेंच शिकवतात. आधीच्या पिढीला वाटायचं, आज ना उद्या आपण परत जाणार, तेव्हा पोरांना आपली भाषा आली पाहिजे. परत फारसं कुणी गेलं नाही. या मुलाचा मोठा भाऊ त्या शाळेत शिकला. मग इटालियन माध्यमिक शाळेत गेल्यावर त्याला काही झेपेना. तो पंधराव्या वर्षी बापाबरोबर बोटीवर गेला. याला म्हणून सरळ इटालियन शाळेत घातलं. आता भाऊ अरबी वाचतो, हा वाचू शकत नाही. हा नोकरीचे अर्ज इटालियनमध्ये लिहितो, भावाला ते जमत नाही. घरी ट्युनिशियन अरबी, बोळात सिसिलियन, कागदावर इटालियन. मी त्याला सांगितलं, आमच्याकडं घरी मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी. माझ्या वर्गातली निम्मी मुलं मराठी झकास बोलतात आणि लिहायला बसली की अडतात. तो म्हणाला, “मग तुम्ही काय करता?” मी म्हटलं, आम्ही एक मासिक काढतो. त्याला ते फारसं उपायासारखं वाटलं नसावं.

शेवटच्या दिवशी त्यानं मला घरी जेवायला नेलं. वाटेत दोन ठिकाणी थांबलो. एक नदीजवळचं संग्रहालय, पूर्वीच्या सांत एजिदिओ चर्चमधलं. तिथं नाचणारा साटर आहे, पुरुषभर उंचीचा ग्रीक ब्राँझचा पुतळा. केस मागं उडालेले, मान वळलेली, दोन्ही हात नाहीत आणि एक पाय नाही. १९९७ मध्ये मझाऱ्याच्या एका ट्रॉलरच्या जाळ्यात आधी त्याचा एक पाय आला आणि १९९८ च्या मार्चमध्ये जवळपास ५०० मीटर खोलीवरून बाकीचा पुतळा. कोळंबीच्याच जाळ्यात! दुसरं ठिकाण सान मिकेलेचा बेनेडिक्टाइन सिस्टरांचा मठ. तिथं बदामाच्या लगद्याची ‘मुक्कुनेत्ती’ नावाची मिठाई मिळते, आत भोपळ्याचा मुरंबा. आपल्याकडं नाताळात काजूचं मार्झिपान करतात त्याची थोरली बहीण. त्या मुलाची आई पाहुण्यांसाठी कायम हीच मिठाई आणवते.

त्या माउलीला इंग्रजी येत नव्हतं, मला अरबी. पण ती कुसकुस वळत होती आणि ते बघायला भाषा लागत नाही. पसरट परातीत रवा, त्यावर पाण्याचा हबका, आणि बोटं फिरवत फिरवत बारीक कण वळायचे. आपल्या आया-आज्या शेवया-कुरडयांना बसायच्या तसंच, पाय पसरून, गप्पा मारत. मग मोदकपात्रासारख्या भोकाच्या भांड्यात कण वाफवायचे, खाली रस्सा उकळत. त्रापानीकडचे सिसिलियन लोकही कुसकुस करतात, पण रस्सा नुसता माशांचा. हिच्या रश्शात गाजर, लाल भोपळा, छोले, मासा आणि वर हारिसाचं लाल तिखट, आपल्या बेळगावी माणसाला शोभेल असं. मी दोनदा वाढून घेतलं. मुलगा म्हणाला, खालच्या मजल्यावरची सिसिलियन म्हातारी याला कुसकुस मानतच नाही, पण दर शुक्रवारी वाटी घेऊन येते.

त्याचे वडील समुद्रावर होते. निघून एकोणीस दिवस झाले होते, कुठं आहेत ते नक्की माहीत नव्हतं. आठवड्यातून एकदा फोन लागतो. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर निघालेल्या दिवसाभोवती गोल केला होता. मी निघाले तेव्हा आईनं उरलेला कुसकुस एका डब्यात भरला, झाकणावर खडूनं काहीतरी अरबीत लिहिलं आणि डबा फ्रीजरमध्ये ठेवला. काय लिहिलंय ते मी मुलाला विचारलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं आईला विचारून सांगितलं, “बाबांचं नाव.”